दोन दारांमधील जागा

घरांत लिफ्ट बसविण्याचा विचार निघाला म्हणजे पहिला प्रश्न बहुधा दोराचा निघतो. दोर तुटला तर? ही भीति फार जुनी आहे आणि तिला मिळालेलें उत्तरही जुनेंच आहे. १८५४ सालीं न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेसमधील प्रदर्शनांत एलिशा ओटिस नांवाचा यंत्रज्ञ उंच चढविलेल्या फलाटावर स्वतः उभा राहिला आणि सर्व लोकांदेखत त्यानें वरचा दोर तोडावयास लावला. फलाट किंचित् खालीं आला व तेथेंच अडकून राहिला. कारण दोराचा ताण जातांच दोहों बाजूंच्या दात्यांत गुंतणारी कमान त्यानें त्याला जोडलेली होती. तेव्हांपासून दोर तुटून लिफ्ट तळाशीं आदळण्याची धास्ती शास्त्रापुरती तरी पुष्कळशी मिटली. लोकांच्या मनांतून मात्र ती अजून गेलेली नाहीं. आणि त्या धास्तीच्या आड, जी गोष्ट खरोखर विचारावयास हवी, ती विचारावयाची राहून जाते. ती गोष्ट दाराची आहे.

घरगुती लिफ्ट ही मोठ्या इमारतींतील लिफ्टची धाकटी बहीण खरी. परंतु तिचा संसार अगदींच निराळा. आजच्या कचेरींत किंवा इस्पितळांत पोलादी दारें बाजूस सरकतात. पेटीचें दार आणि मजल्यावरचें दार हीं तेथें एकमेकांस गुंतलेलीं असतात; एकच यंत्र दोहोंना एकाच वेळीं उघडतें व एकाच वेळीं मिटवितें. दोहोंच्या मध्यें माणूस शिरेल अशी जागाही नसते आणि तशी वेळही येत नाहीं. पण सरकणाऱ्या दाराला सरकून जावयास भिंत लागते. अडीच फुटांची वाट मोकळी ठेवावयाची तर, दोन फळ्या एकीमागें एक सरकल्या तरीही, बाजूस आणखी सव्वा फूट हवा. राहत्या घरांत, जिन्याच्या कोपऱ्यांत, तीन फूट रुंद व चार फूट खोल पेटी कशीबशी बसवावयाची असतां हा सव्वा फूट कोठून आणावयाचा? म्हणून घरगुती लिफ्टला पुष्कळदां बिजागरीचें साधें दार लावतात. तें भिंतीकडून कांहीं मागत नाहीं. उघडण्यापुरती पावलाखालची जागा घेतें आणि मिटलें म्हणजे तीही परत देतें. तें स्वस्त पडतें, त्याला वेगळी मोटर लागत नाहीं, आणि घरांतील इतर सागवानी दारांशीं त्याचा मेळ बसतो. कित्येक घरांत तर पाहुण्यांना तें कपाटाचें दार वाटतें. यजमानाला याचा मोठा अभिमान असतो. वास्तविक अभिमानाऐवजीं काळजी वाटावी अशीच ही गोष्ट आहे.

पेटी ज्या उभ्या पोकळींतून वरखालीं जाते, तिला या धंद्यांत इंग्रजींतही विहीर असेंच म्हणतात, आणि तो शब्द चपखल आहे. प्रत्येक मजल्यावर या विहिरीला एक दार आणि पेटीला स्वतःचें एक दार, अशीं दोन दारें ओलांडून माणूस आंत जातो. घरगुती लिफ्टमध्यें पहिलें दार बिजागरीचें, दिवाणखान्याकडे उघडणारें. दुसरें पुष्कळदां हार्मोनियमच्या भात्याप्रमाणें घड्या पडत बाजूस मिटणारें. पहिलें दार आपोआप लागावें म्हणून त्याला स्प्रिंग असते आणि चौकटींत एक विजेचें कुलूप असतें. या कुलुपाचें काम दुहेरी. पेटी त्या मजल्यावर नसतांना दार उघडूं द्यावयाचें नाहीं, हें एक. आणि दार लागून कडी पडल्यावांचून पेटीला हालूं द्यावयाचें नाहीं, हें दुसरें. चांगल्या कुलुपांत वीज दोन गोष्टी तपासते: दार टेकलें कीं नाहीं आणि कडी खरोखर आंत शिरली कीं नाहीं. हलक्या कुलुपांत नुसतें दार टेकलें तरी पेटी सुटते व कडी मागाहून पडते. ती पडलीच नाहीं तर पेटी वर निघून गेलेली आणि खालचें दार हातानें उघडणारें, अशी स्थिति होते. अंधारांत दार उघडून पाऊल टाकणाऱ्याला पुढें पेटी नसून विहीर आहे हें कळावयास वेळ मिळत नाहीं. यासाठींच युरोपांतील नियमांत हातानें उघडावयाच्या दाराला कांचेची खिडकी ठेवावी, किंवा पेटी आलेली आहे हें दाखविणारा दिवा तरी असावा, असें सांगितलें आहे. परंतु कुलूप उत्तम असलें तरी जें संकट टळत नाहीं, तें दुसरेंच आहे.

त्यासाठीं गवंडी व सुतार यांचें काम पाहावें लागतें. समजा, विहिरीची भिंत विटेची, ९ इंच जाडीची आहे. सुतार चौकट बसवितो ती दिवाणखान्याच्या अंगाला. कारण इतर दारें तशींच बसविलेलीं आहेत, शिवाय गिलाव्याशीं दार सारखें आलें म्हणजे तें शोभतें. दाराची फळी दीड इंचाची धरली तर तिच्या मागें, विहिरीच्या कडेपर्यंत, भिंतीची साडेसात इंच जाडी उघडी राहते. पुढें विहिरीची कड आणि पेटीचा उंबरठा यांच्यामध्यें सव्वा इंचाची फट सोडावीच लागते, नाहीं तर पेटी भिंतीला घासेल. पेटीचें दार तिच्या उंबरठ्यापासून आणखी इंचभर आंत असतें. बेरीज केली म्हणजे दोन बंद दारांमध्यें पावणेदहा इंच मोकळे राहतात. गवंड्याची भिंत ओळंब्यांत आहे, सुताराचें दार गुण्यांत आहे, लिफ्टवाल्याची पेटी बरोबर उंबरठ्याशीं येऊन थांबते. तिघांच्याही कामाला नांव ठेवावयास जागा नाहीं. जी जागा आहे ती तिघांच्या कामांच्या मध्यें आहे, आणि ती मोजण्याचें काम तिघांपैकीं कोणाकडेच सोंपविलेलें नसतें.

मोठ्या माणसाला ही जागा कधीं दिसतच नाहीं. तो एका हातानें बाहेरचें दार धरतो, दुसऱ्या हातानें घडीचें दार सारतो आणि एका पावलांत पेटींत जातो. मधले पावणेदहा इंच त्याच्या दृष्टीनें केवळ रुंद उंबरठा असतो. त्या उंबरठ्यावर उभें राहून मागचें दार लावून घ्यावें म्हटलें तर त्याच्या पोटापाठीला तें शक्य नसतें. म्हणून घरांतील माणसें दहा वर्षें रोज लिफ्ट वापरतात आणि ती निर्धोक आहे असें खऱ्या मनानें सांगतात.

घरांत लिफ्ट येते ती बहुधा आजीच्या गुडघ्यांसाठीं किंवा आजोबांच्या छातीच्या दुखण्यासाठीं. नातवंडें येतात तीं मे महिन्याच्या सुटींत. त्यांना लिफ्ट हें खेळणें वाटतें, आणि लपंडावांत तर दोन दारांमधील ती जागा म्हणजे पर्वणीच. पांचसहा वर्षांचें मूल बाहेरचें दार उघडतें. पेटी तेथेंच उभी असल्यामुळें कुलूप हरकत घेत नाहीं. पुढें घडीचें दार मिटलेलें असतें, तेव्हां मूल त्याच्याशीं अंग चोरून उंबरठ्यावर उभें राहतें. मागें स्प्रिंग आपलें काम करते व दार लागतें. इतक्यांत वरच्या मजल्यावर कोणीतरी बटन दाबतें. कुलूप आपलीं दोन्ही कर्तव्यें चोख बजावतें. दार टेकलेलें आहे, कडी पडलेली आहे, पेटीचेंही दार मिटलेलें आहे; तेव्हां पेटी निघते. वीज दारांची चौकशी करते. दारांमध्यें कोण आहे याची तिला वार्ता नसते. आणि पेटी निघाली म्हणजे कुलुपाचें पहिलें कर्तव्य पुढें येतें: पेटी मजल्यावर नसतांना दार उघडूं द्यावयाचें नाहीं. बाहेर कोणी धांवत आलें, मूठ धरून कितीही ओढलें, तरी खास किल्लीवांचून तें दार उघडत नाहीं. मुलाच्या पायांखालीं उंबरठ्याची अरुंद पट्टी, पुढें उघडी विहीर आणि पाठीशीं बंद दार. कपडा किंवा हात घड्यांत अडकला असला तर तें पेटीबरोबर वर ओढलें जातें. तोल गेला तर खालीं जातें, आणि पेटी पुन्हा खालीं यावयाचीच असते. यापुढचें वर्णन नभोवाणीवरून करण्याचें कारण नाहीं.

अमेरिकेंतील नियमांप्रमाणें घरगुती लिफ्टचा वेग मिनिटास ४० फुटांहून अधिक नसावा. म्हणजे दहा फुटांचा मजला चढावयास तिला निदान पाव मिनिट लागतें. या संथपणामुळेंच ती निरुपद्रवी वाटते. परंतु जें यंत्र दोनतीन माणसांचा भार सहज उचलतें, त्याला एका लहान मुलाचा अडथळा बहुधा जाणवतही नाहीं.

हें सर्व कल्पनेंतलें नव्हे. घरगुती लिफ्टचा प्रसार अमेरिकेंत लवकर झाला, आणि असे अपघातही तेथें एकदां नव्हे, अनेकदां झाले. तेथील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेनें लिफ्टविषयक नियमांचा ग्रंथ प्रथम १९२१ सालीं प्रसिद्ध केला आणि त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या वरचेवर निघत आल्या आहेत. घरगुती लिफ्टसंबंधीं त्यांत बरींच वर्षें असा नियम होता कीं, मजल्याचें दार विहिरीच्या कडेपासून ३ इंचांहून आणि पेटीच्या दारापासून ५ इंचांहून दूर नसावें. हा नियम दोन परींनीं उणा होता. ५ इंचांत अगदीं लहान मुलाचें शरीर आडवें वळून मावूं शकतें, ही पहिली उणीव. दुसरी अधिक सूक्ष्म आहे. घडीच्या दाराच्या घड्या एकसारख्या सपाट नसतात. कांहीं पुढें आलेल्या, कांहीं मागें गेलेल्या. पुढें आलेल्या घडीपर्यंत मोजलें तर ५ इंच भरतात. मागें गेलेल्या घडींत मात्र आणखी दोनतीन इंच मिळतात, आणि मुलानें पाठ टेकून रेटलें तर तें लवचीक दार आंत वांकून आणखीही जागा करून देतें. कागदावरचे ५ इंच अशा रीतीनें प्रत्यक्षांत आठ होतात.

२०१६ च्या आवृत्तींत हीं मापें बदललीं. विहिरीच्या कडेपर्यंत पाऊण इंच आणि दोन दारांमध्यें ४ इंच, अशी नवी मर्यादा ठरली. शिवाय ही मर्यादा नुसत्या पट्टीनें मोजावयाची नाहीं. ४ इंच व्यासाचा कठीण चेंडू दोन बंद दारांमध्यें कोठेंही शिरतां कामा नये, आणि दार दाबून धरलें असतांही शिरतां कामा नये. कठड्यांतील गजांच्या बाबतींतही तिकडे ४ इंचांच्याच चेंडूची कसोटी आहे. कठड्याला जें माप केव्हांच लागूं झालें होतें, तें लिफ्टच्या दाराला लागूं व्हावयास इतका उशीर लागला, याचें कारण बहुधा एवढेंच कीं, कठडा उघड्यावर असतो आणि ही जागा दाराआड असते.

नवा नियम नव्या लिफ्टांना लागूं झाला. जुन्या होत्या तशाच राहिल्या. लिफ्ट एकदां बसली म्हणजे तीस-तीस वर्षें चालते, आणि तेथील कित्येक राज्यांत खाजगी घरांतील लिफ्टची पुढें नियमित तपासणी होत नाहीं. तेथील सरकारच्या ग्राहकवस्तु-सुरक्षा-मंडळानें २०१९ च्या ऑगस्टमध्यें घरमालकांना जाहीर इशारा दिला. जुलै २०२१ मध्यें त्याच मंडळानें एका मोठ्या कंपनीवर याच कारणासाठीं फिर्याद गुदरली. त्याच महिन्यांत उत्तर कॅरोलायनाच्या समुद्रकिनाऱ्यावर, सुटीसाठीं भाड्यानें घेतलेल्या एका घरांत, सात वर्षांचा एक मुलगा लिफ्टच्या अशाच जागेंत सांपडून दगावला. चार दिवसांसाठीं येणाऱ्या कुटुंबाला परक्या घरांतील दाराची खोली ठाऊक असण्याचें कारणच नव्हतें. यानंतर मंडळानें भाड्याचीं घरें मिळवून देणाऱ्या कंपन्यांना पत्रें लिहून कळविलें कीं, जागेची तपासणी होईपर्यंत अशा घरांतील लिफ्ट कुलूपबंद ठेवाव्या. २०२२ च्या जानेवारींत तीन कारखान्यांच्या मिळून सुमारें ६९,००० घरगुती लिफ्ट दुरुस्तीस पात्र म्हणून जाहीर झाल्या, आणि त्याच वर्षीं उत्तर कॅरोलायना राज्यानें सुटीसाठीं भाड्यानें द्यावयाच्या घरांकरितां हीं मापें कायद्यानेंच घालून दिलीं. कारखानदारांचें म्हणणें असें कीं, पेटी निर्दोष आहे, दार कोठें बसवावयाचें तें बसविणारानें पाहावयाचें. बसविणारा घर बांधणाराकडे बोट दाखवितो. या वादांत तथ्य असेल. पण ज्याला बोट दाखवावयाचें तो अखेरपर्यंत तिसराच राहतो.

महाराष्ट्रांत लिफ्टांचा कायदा नवा नव्हे. जुन्या मुंबई प्रांतांत तो १९३९ सालींच झाला होता. त्याच्या जागीं आतां महाराष्ट्र राज्याचा २०१७ चा कायदा आहे. मुंबईच्या जुन्या चाळींत व इमारतींत लोकांनीं लिफ्ट पाहिली ती लोखंडी जाळीच्या सरकत्या दाराची. त्या दारांत बोटें चेंगरतात, हात बाहेर काढण्याचा मोह होतो, तिचे दोष पुष्कळ आहेत. परंतु तींतून पलीकडचें दिसतें. दोन जाळ्यांमध्यें कोणी उभें असलें तर तें जिन्यावरून जाणाऱ्याच्याही नजरेस पडतें. पुण्या-नाशकाकडील दुमजली-तिमजली बंगल्यांत आतां जी लिफ्ट येऊं लागली आहे, तिचें दार पुष्कळदां बिजागरीचें असतें, आणि तें भरीव लांकडाचें असलें तर पलीकडचें कांहींच दिसत नाहीं. तपासनीस येईल तेव्हां येईल. घर बांधणारा, सुतार आणि लिफ्टवाला यांना एका दिवशीं एका जागीं उभें करणें हें घरमालकालाच शक्य असतें.

घर अजून बांधावयाचें असेल तर उपाय फुकट आहे. चौकट दिवाणखान्याच्या अंगाला न बसवितां विहिरीच्या अंगाला बसवावी, म्हणजे भिंतीची जाडी दाराच्या मागें न राहतां पुढें येते. दिवाणखान्यांत दाराशीं एक उथळ कोनाडा दिसेल आणि दार काटकोनापलीकडे उघडणार नाहीं. कोनाडा दिसूं द्यावा. चाकाच्या खुर्चीवरील माणसाला उघडें दार चुकवून आंत शिरण्यास पुरेशी मोकळी जागा पुढें ठेविली म्हणजे झालें. युरोपांत ज्या उघड्या फलाटाच्या घरगुती लिफ्ट निघाल्या आहेत, त्यांना पेटीचें दारच नसतें. तेथें मजल्याचें दार विहिरीच्या भिंतीशीं अगदीं सपाट बसवितात, आणि बटन दाबून धरलें असेल तोंवरच फलाट चालतो. बोट उचलतांच थांबतो.

घर बांधून झालें असेल तरीही उपाय महाग नाहीं. बाहेरच्या दाराच्या मागच्या अंगावर, विहिरीच्या बाजूस, एक पोकळ खोका घट्ट बसवावयाचा. वरील उदाहरणांत खोक्याची जाडी पावणेसात इंच ठेविली तर विहिरीच्या कडेपर्यंत पाऊण इंच आणि पेटीच्या दारापर्यंत ३ इंच उरतात. दार लागलें कीं जागा भरली. खोका इतका रुंद हवा कीं बाजूनें मूल शिरूं नये. मात्र कुलुपाकडील त्याची कड तिरपी तासावी लागते, नाहीं तर दार उघडतांना ती चौकटीवर आपटते. पेटीला तो कोठेंही लागतां कामा नये. हें काम घरच्या सुतारानें एकट्यानें करावयाचें नाहीं. लिफ्टवाला समोर हवा. घडीच्या लवचीक दाराऐवजीं न वांकणारें दार पेटीला लावणें, किंवा मधल्या जागेवर प्रकाशाचा अदृश्य पडदा सोडून तो तुटतांच पेटी थांबेल अशी योजना करणें, हेही मार्ग आहेत. पण प्रकाशाच्या पडद्याला देखभाल लागते. खोक्याला ती नसल्यासारखीच.

मोजणी अशी करावी. पेटी मजल्यावर आणून मुख्य बटन बंद करावें. बाहेरचें दार उघडें ठेवून, फळी जेथें टेकते त्या चौकटीच्या खांचेंत पट्टी धरावी व तेथून विहिरीच्या कडेपर्यंतचें अंतर लिहून घ्यावें.  मग घडीचें दार मिटवून, हातानें आंत रेटून, सर्वांत मागें गेलेल्या घडीपर्यंत मोजावें. हें वर, मध्यें व तळाशीं अशा तीन ठिकाणीं करावें आणि प्रत्येक मजल्यावर स्वतंत्र करावें. कारण खालच्या मजल्याची भिंत ९ इंचांची आणि वरची साडेचार इंचांची, असें पुष्कळ घरांत असतें. एका मजल्याचें माप दुसऱ्याला लावूं नये. अंतर अधिक निघालें तर खोका बसेपर्यंत, लहान मुलें घरांत असतांना, लिफ्टचें मुख्य बटन बंद ठेवून किल्ली मोठ्या माणसापाशीं ठेवावी. खोका बसल्यावर दाराचें वजन वाढतें. वर्षा-दोन वर्षांत बिजागरी किंचित् खालीं बसते, दार पूर्वींसारखें आपोआप लागत नाहीं आणि कडी आपल्या खांचेशीं जुळेनाशी होते. तेव्हां स्प्रिंग पुन्हा आवळून, बिजागरी सारखी करून, तींच मापें त्याच तीन ठिकाणीं पुन्हा घ्यावीं लागतात.